दुसऱ्याच्या जिवावर

सामूहिक उत्क्रांतीचा खेळ मांडायला फारसे साहित्य लागत नाही. एक काल्पनिक ग्रह, त्यावर समुद्र, थोडी कोरडी जमीन, दोन-चार साध्या पेशी आणि एक सामाईक वही. आपली पाळी आली की वहीतला कुणाचाही एक जीव पूर्वज म्हणून निवडायचा, त्यात पटण्याजोगा एखादा बदल करायचा आणि नवी जात म्हणून तिची नोंद करायची: आकार, अधिवास, आहार, प्रजनन. पुढचा खेळाडू त्या नोंदीवर आपली नोंद चढवतो. फेऱ्या वाढतात तशी पेशींची झुडपे होतात, झुडपांवर चरणारे येतात, चरणाऱ्यांच्या मागे शिकारी येतात. मध्येच एखादे हिमयुग कोसळते आणि निम्मी वही बाद होते. स्कॉटिश भूवैज्ञानिक डूगल डिक्सन यांनी १९८१ साली ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात माणसानंतर ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी नांदतील याची सचित्र कल्पना केली आणि या छंदाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. डिक्सन यांची सृष्टी एकहाती होती. सामूहिक खेळातली सृष्टी अनेकांची असते आणि कुणा एकाच्या मुठीत राहत नाही.

प्रस्तुत पुस्तिका या खेळातल्या एकाच गटासाठी आहे: परजीवींसाठी. हा गट वेगळा काढायचे कारण उघड आहे. अशा वह्यांमध्ये शिकाऱ्यांची भाऊगर्दी असते. सुळे, नख्या, विषारी नांग्या यांना तोटा नसतो. परजीवी मात्र उशिरा येतात, थोडे येतात आणि आले की किळस आणण्यासाठीच आल्यासारखे वाटतात. प्रत्यक्ष सृष्टीत चित्र उलटे आहे. प्राण्यांच्या एकूण जातींपैकी निम्म्याच्या आसपास परजीवी असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया येथील खाऱ्या दलदलीचे अन्नजाळे परजीवींसह मांडले गेले, तेव्हा कोण कुणाला खातो या दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुव्यांत कुठे ना कुठे परजीवी आढळला. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी तिथल्याच किनारपट्टीवरच्या तीन खाड्यांचा हिशेब आला. त्यात परजीवींचे एकूण वजन अन्नसाखळीच्या टोकावरच्या पक्ष्यांपेक्षा जास्त भरले. परजीवी वगळून केलेली सृष्टी कितीही देखणी असली तरी अर्धवट शिवलेल्या गोधडीसारखी असते. तुकडे सुंदर, पण एकमेकांना धरून ठेवणारे टाके गायब.

मग खेळाडू परजीवी का टाळतात? माझ्या मते त्याचे कारण कल्पनाशक्तीचा अभाव हे नव्हे. परजीवी एकट्याने घडवता येत नाही, हे आहे. शिकारी घडवताना आपल्या प्राण्याकडे पाहिले तरी भागते. भक्ष्य म्हणून ‘लहान प्राणी’ एवढे लिहून पुढे जाता येते. परजीवीच्या बाबतीत ही पळवाट बंद आहे. त्याचे घर, त्याचे अन्न, त्याचे हवामान हे सगळे दुसऱ्या कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असते. ते नीट वाचल्याशिवाय पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही.

आणि वाचायचे म्हणजे नेमके काय शोधायचे? बहुतेक जण यजमानाची, म्हणजे परजीवी ज्याच्या जिवावर जगतो त्या जीवाची, दुबळी जागा शोधतात: मऊ कातडी, उघडे नाक, मंद चाल. या पुस्तिकेचा आग्रह वेगळा आहे. यजमानाची मजबुरी शोधा. जी गोष्ट केल्यावाचून त्याला जगताच येत नाही, तीच परजीवीची आत शिरायची वाट असते. दुबळी जागा यजमान पुढच्या दहा पिढ्यांत बुजवून टाकेल. मजबुरी त्याला सहजासहजी सोडता येणार नाही.

ज्वारीच्या शेतातला टारफुला घ्या. ज्वारीच्या बुंध्याशी उगवणारे हे नाजूक रोप दिसायला निरुपद्रवी असते, पण मातीखाली त्याने ज्वारीच्या मुळांत आपली मुळी घुसवलेली असते. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार! रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर कोंब मेलाच. म्हणून हे बी वर्षानुवर्षे मातीत गप्प पडून राहते आणि जवळून मूळ जात असल्याची रासायनिक खूण मिळाली तरच उठते. स्ट्रिगोलॅक्टोन वर्गातले ते द्रव्य मुळे स्वतःच सोडतात. प्रश्न असा की, ज्वारी आपल्या वैऱ्याला असा सांगावा का धाडते? याचे उत्तर २००५ साली मिळाले. मातीत स्फुरद कमी असला की वनस्पती हे द्रव्य सोडून मुळांशी राहणाऱ्या मित्रबुरशीला बोलावतात. ती बुरशी त्यांना स्फुरद आणून देते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. ज्वारीने हाक मारणे थांबवले तर वैरी येणार नाही, पण मित्रही येणार नाही. या कोंडीतूनच माणसाने एक शक्कल काढली: कपाशीची मुळेही अशीच हाक देतात, पण टारफुल्याला कपाशीवर पोसता येत नाही. ती लावली की त्याचे बी फसून रुजते आणि उपाशी मरते. तुमच्या काल्पनिक ग्रहावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारणारा जीव आधीच घडवला असेल, तर चोरून ऐकणाऱ्याची जागा तिथे रिकामीच आहे.

दुसरे उदाहरण नारूचे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला हे नाव नव्याने सांगायला नको. या कृमीच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात असतात. तसले पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्या मोकळ्या होतात. सुमारे वर्षभराने हातभराहून लांब, कधीकधी मीटरभराची झालेली मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येते, तिथे फोड उठतो आणि जबर आग होते. आग विझवायला माणूस काय करणार? पाय पाण्यात बुडवणार. पायऱ्या उतरून पाण्यात शिरता येईल अशी विहीर असेल तर तिथेच बुडवणार. पाण्याचा स्पर्श होताच मादी हजारो अळ्या सोडते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. तहान ही पहिली मजबुरी, वेदना ही दुसरी. या दोन मजबुऱ्यांच्या मधोमध नारूचा सगळा संसार. या फेऱ्याची ताकद जिथे होती, तिथेच त्याचा कच्चा दुवाही होता. पाणी फडक्याने गाळणे, पायविहिरी बंद करणे किंवा त्यांवर रहाट बसवणे, पाण्यात सायक्लोप्सनाशक औषध टाकणे एवढ्या साध्या उपायांनी तो तुटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. खेळाडूने यातून घ्यायचा धडा असा की, परजीवीच्या जीवनचक्राचे चित्र काढून झाल्यावर त्यातला सर्वांत बारीक धागा कोणता तेही नोंदवावे. यजमानाची बाजू घेणारा पुढचा खेळाडू तिथेच कात्री लावणार आहे.

तिसरे उदाहरण समुद्रातले आहे आणि पूर्वज निवडणाऱ्यांनी ते विशेष ध्यानात ठेवावे. खेकड्यांवर जगणाऱ्या सॅक्युलिनाची मादी अळी खेकड्याच्या अंगावर उतरते, स्वतःचे कवच आणि पाय टाकून देते आणि उरलेल्या मोजक्या पेशी त्याच्या शरीरात टोचते. आत त्या मुळांसारख्या पसरतात. पुढे खेकड्याच्या पोटाखाली, जिथे खेकडीण आपली अंडी बाळगते नेमक्या त्या ठिकाणी, परजीवीची पिशवी बाहेर येते. खेकडा ती आपलीच अंडी समजून साफ ठेवतो, तिला वारा घालतो. नर खेकडाही यातून सुटत नाही. त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि तोही पिशवीचा सांभाळ करू लागतो. अपत्याची काळजी घेणे ही इथली मजबुरी. आता ही पिशवी पाहून हा प्राणी कोणत्या कुळातला हे कुणालाही ओळखता येणार नाही: पाय नाहीत, तोंड नाही, डोळे नाहीत. पण त्याच्या अळ्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलच्या अळ्यांसारख्याच असतात, हे जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८३६ सालीच दाखवून दिले होते. म्हणून वहीत प्रौढ परजीवीला वाटेल तेवढे रूप टाकू द्या, पण अळीत पूर्वजाची खूण शिल्लक ठेवा. वंशावळीचा पुरावा तिथे राहतो आणि नोंद विश्वासार्ह होते.

टाकण्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे त्याविषयी. परजीवी म्हणजे ‘अधोगती’ हा जुना समज खेळातही डोकावतो. प्राण्यांमध्ये परजीविता किमान २२३ वेळा स्वतंत्रपणे उदयाला आली, असे २०१६ सालच्या एका गणनेत दिसले. इतक्या वेळा चोखाळली गेलेली वाट आडवाट म्हणता येत नाही. पट्टकृमीला आतडे नसते, कारण तो आतड्यातच राहतो आणि अन्न अंगाच्या कातडीतून शोषतो. सामन माशाच्या स्नायूत राहणारा हेनेगुया नावाचा सूक्ष्म प्राणी जेलीफिशच्या दूरच्या नात्यातला आहे. त्याने ऑक्सिजनवर चालणाऱ्या श्वसनाची पेशीतली यंत्रणाच गमावली आहे, हे २०२० साली उघडकीला आले. मात्र गमावलेल्या प्रत्येक अवयवाच्या बदल्यात परजीवीने काहीतरी कमावलेलेही असते: चिकटायचे आकडे, यजमानाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारे लेप, अंड्यांचा अफाट साठा. नोंद लिहिताना जमा आणि खर्च या दोन्ही बाजू भराव्यात. केवळ खर्चाची बाजू भरली की जीव लंगडा होतो, केवळ जमेची भरली की राक्षस होतो.

राक्षसाचा मोह सर्वांनाच होतो. यजमानाला तासाभरात मारणारा परजीवी कागदावर फार प्रभावी दिसतो. पण मेलेल्या यजमानातून तो पुढे कसा जाणार, हे विचारले की गाडी अडते. १९५० साली ऑस्ट्रेलियात बेसुमार वाढलेल्या सशांवर मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला लागण झालेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ससे मेले. काही वर्षांतच मध्यम तीव्रतेचे वाण सर्वत्र पसरले आणि सशांमध्येही प्रतिकार वाढला. हा विषाणू डासांमार्फत पसरतो. ससा झटपट मेला तर डास चावायचा कुणाला? आणि विषाणू फारच सौम्य असेल तर डासाच्या सोंडेला लागेल इतका तो कातडीत साठतच नाही. तीव्रता या दोन्हींच्या मध्ये स्थिरावली. तुमच्या परजीवीने किती नुकसान करावे, हे त्याच्या स्वभावावर सोडू नका. तो पुढच्या यजमानापर्यंत कसा पोहोचतो, त्यावरून ते ठरवा.

दुसरा मोह यजमानाचे मन ताब्यात घेण्याचा. मेंढ्यांच्या यकृतात राहणारा एक चपटा कृमी गोगलगायीमार्गे मुंगीत जातो. त्याच्या अळ्यांपैकी एखादी मुंगीच्या डोक्यातल्या चेतागुच्छापाशी जाऊन बसते. मग गारवा पडला की ती मुंगी गवताच्या पात्याच्या टोकाशी चढते, जबडा घट्ट आवळते आणि मेंढीच्या तोंडी लागण्याची वाट पाहत राहते. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असलेला भाग असा की, ऊन चढले की मुंगी पाते सोडते आणि खाली उतरून कामाला लागते. उन्हात लटकत राहिली तर ती वाळून मरेल आणि कृमीही तिच्याबरोबर संपेल. खरी कारागिरी या सोडण्यात आहे. आपल्या नोंदीत ताबा घेण्याचे वर्णन चार ओळींचे असेल, तर ताबा केव्हा सोडायचा यावर निदान एक ओळ हवी.

आता हे सगळे एका काल्पनिक जीवावर घडवून पाहू. समजा, वहीत तीन नोंदी आधीच आहेत. पहिली पखाल्याची: माळावर चरणारा सहा पायांचा प्राणी. पावसाळ्यात डबक्यात बसून पाठीवरची पिशवी पाण्याने भरून घेतो आणि ते पाणी उन्हाळाभर पुरवतो. दुसरी सुईचोच्याची: हा उडणारा जीव दुष्काळात पखाल्याच्या पिशवीला चोच टोचून पाणी पितो, भोक थोड्या वेळात बुजते. तिसरी गाळण्याची: डबक्यात राहणारा नखाएवढा कृमी. तोंडाभोवतीच्या केसांनी शेवाळ गाळून खातो आणि डबके आटण्यापूर्वी अंडी घालून मरतो. तिन्ही नोंदी तिघांच्या आणि तिघांच्याही मनात परजीवी नाही.

पखाल्याची मजबुरी कोणती? डबक्यातले पाणी जसे असेल तसे भरून घेणे. त्या पाण्याबरोबर गाळण्याची अंडी आत जाणारच. पहिल्या फेरीत एवढेच लिहावे की, काही अंडी पिशवीत फुटतात आणि आत आलेले शेवाळ संपेपर्यंत कृमी तिथे जगतात. हा अजून परजीवी नव्हे, बिनभाड्याचा भाडेकरू आहे. दुसऱ्या फेरीत उन्हाळ्याचा प्रश्न येतो. पिशवीत अंधार, म्हणून शेवाळ नाही. खायला काय? पिशवीच्या अस्तरातून झडणाऱ्या पेशी, आणि पुढे अस्तरच. तिसऱ्या फेरीत पखाल्या पावसाच्या तोंडावर पिशवी पिळून जुने पाणी टाकतो. तेव्हा आत टिकून राहायचे तर पकड हवी. नवा अवयव आणायची गरज नाही. गाळणीचे केस जाड होऊन त्यांचे आकडे होतात. या टप्प्यावर त्याला अस्तरखाऊ असे नाव देऊन स्वतंत्र नोंद करता येईल.

प्रसार कसा होणार? डबक्यात पिळलेल्या पाण्याबरोबर अंडी बाहेर पडतात, ही एक वाट झाली. पण ती वर्षातून एकदाच उघडते. दुसरी वाट सुईचोच्याची. अस्तर खाल्ल्याने पिशवीची भिंत काही ठिकाणी पातळ होते. तिथून चोच सहज शिरते, म्हणून सुईचोच्या अशाच पखाल्यांकडे वळतो. चोचीच्या खाचेत चिकटलेली अंडी पुढच्या पिशवीत पोहोचतात. इथे कृमीने कुणाच्याही मनाचा ताबा घेतलेला नाही. पोट भरताना झालेली नासधूस त्याच्या प्रवासाच्या कामी आली, एवढेच. अशी योगायोगाने मिळालेली सोय पुढच्या फेऱ्यांत निवडीच्या बळावर धारदार होत जाते. मर्यादाही आपोआप पडते. भिंत फारच पातळ झाली तर पिशवी भर उन्हाळ्यात फुटेल, पखाल्या तहानेने मरेल आणि हावरा अस्तरखाऊ पाऊस पाहायला उरणार नाही.

हा जीव वहीत आला की तिन्ही जुन्या नोंदी हलतात. पखाल्याचा कर्ता अस्तर जाड करील किंवा आपल्या प्राण्याला वाहत्या पाण्याकडे वळवील. त्यासाठी त्याला मोजावी लागणारी किंमतही लिहावी लागेल. सुईचोच्याचे फावते आहे, म्हणून त्याचा कर्ता गप्प बसेल किंवा पातळ भिंत नजरेने ओळखणारा डोळा त्याला देईल. चौथा कुणी अस्तरखाऊवर जगणारा आणखी लहान जीव आणील. ली व्हॅन व्हॅलेन यांनी १९७३ साली मांडलेल्या लाल राणीच्या सिद्धांताचा गाभा असा की, भोवतालचे जीव सतत बदलत असल्याने नुसते टिकून राहण्यासाठीही जातीला बदलत राहावे लागते. वहीतल्या थंडावलेल्या भागात एक चांगला परजीवी सोडला की ही धाव पुन्हा सुरू होते. शिकाऱ्यांच्या आणखी दहा नोंदींनी ते होत नाही.

पुस्तिकेची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात यजमान कसा वाचावा, दुसऱ्यात पूर्वजापासून परजीवीपर्यंतच्या पायऱ्या, तिसऱ्यात प्रसाराच्या वाटा आणि नुकसानीचा हिशेब, चौथ्यात यजमानाची प्रत्युत्तरे. क्रम मोडून वाचायलाही हरकत नाही. पहिला भाग तेवढा वगळू नये. जीवशास्त्राचे शिक्षक ही पुस्तिका वर्गात वापरणार असतील, तर त्यांनी मुलांना आधी दोन फेऱ्या परजीवीविना खेळू द्यावे. वही थोडी भरल्याशिवाय परजीवीला राहायला घर मिळत नाही.

एक नियम मात्र सर्वांनी पाळावा अशी विनंती आहे. परजीवीची नोंद करताना ‘यजमान’ या रकान्यात नुसते नाव लिहून थांबू नये. त्या यजमानाला काय केल्यावाचून गत्यंतर नाही, हे एका वाक्यात लिहावे आणि ते त्याच्या मूळ कर्त्याला वाचून दाखवावे. ‘अरे, हे मला सुचलेच नव्हते’ असे तो म्हणाला, तर परजीवी वहीत घ्यायला योग्य झाला असे समजावे. त्याने हरकत घेतली, तर नोंद मागे घ्या आणि त्याचा प्राणी पुन्हा वाचा.